क्यूमधलं अ‍ॅल्युमिनियमचं पोळं कसं बघावं

लंडनला आलेले आपले पाहुणे क्यू गार्डन्समधली काचघरं मन लावून बघतात आणि ‘द हाइव्ह’पाशी एक फोटो काढून पुढे सरकतात. तसं करू नका. 2015 च्या मिलान एक्स्पोत, म्हणजे जागतिक प्रदर्शनात, हा ब्रिटनचा मंडप होता, वुल्फगँग बट्रेस या कलाकाराने मधमाशीच्या पोळ्यावरून रचलेला. पुढच्या वर्षी तो सुटा करून इथे आणून पुन्हा उभारला.

जायचं ते ऊन बघून. क्यूमधल्याच एका खऱ्या मधपेटीत कंपनं टिपणारी यंत्रं आहेत; तिथे माश्यांची लगबग वाढली की इकडे हजारभर एलईडी दिवे उजळतात आणि सूर भरत जातात. मी पहिल्यांदा नोव्हेंबरात गेले. माश्या गारठलेल्या, मंडप मलूल, तिकिटाचे पैसे पाण्यात! मे-जूनची दुपार गाठा.

डिस्ट्रिक्ट लाइनने क्यू गार्डन्स स्टेशन, तिथून व्हिक्टोरिया गेट. मंडपात एकदम शिरू नका, आधी रानफुलांच्या कुरणातून चाला. लांबून 17 मीटर उंच धुकं अडकल्यासारखं दिसतं. जवळ गेल्यावर त्यातले 1,70,000 तुकडे, थरावर थर, वेगळे दिसू लागतात. मग खाली उभं राहून वर बघा. डोक्यावर काचेची जमीन आहे, लोकांचे बूट दिसतात. (म्हणून वर जाताना कपडे विचार करून घाला.) वर गेलात की डोळे मिटा. सगळं संगीत ‘सी’मध्ये, म्हणजे आपल्या बाजाच्या पेटीच्या पांढरी एकमध्ये, माश्यांची गुणगुणही त्याच सुराची.

खरी गंमत मात्र काडीत. लाकडी काडी दातांत धरायची, दुसरं टोक मंडपातल्या खाचेत टेकवायचं, कान बोटांनी बंद करायचे. माश्यांचे आवाज हाडांतून थेट डोक्यात येतात. माझ्या बाबांनी महाबळेश्वरकडे तीस वर्षं सातेरी मधमाश्यांच्या पेट्या सांभाळल्या. आता त्यांना नीट ऐकू येत नाही. त्यांनी काडी धरली, क्षणभर थबकले, मग काडी दातांतच ठेवून म्हणाले, “अगं, नवी राणी ओरडतेय. कोठडीतल्या दुसऱ्या तिला उत्तर देतायत. थवा निघणार बघ.”

मागे रांग असते, तेव्हा दोन मिनिटांत आटपा. बाबांना हलवायला वीस लागली. माफी मीच मागितली.