नेपरव्हिलला मुलांना घेऊन येताय? नीक्वा व्हॅलीविषयी थोडं सविस्तर

"नीक्वाला ॲडमिशन मिळेल का हो?" नीक्वा व्हॅली हे शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधलं सरकारी हायस्कूल, आणि शिकागोकडे बदली झालेल्या मराठी घरांतून येणाऱ्या फोनवर घरभाड्याच्याही आधी हा प्रश्न असतो. पुण्या-नाशिकहून थेट येणारे विचारतात, तसे डॅलस-सॅन होजेहून येणारेही विचारतात. तर पहिल्यांदा एवढं लक्षात घ्या की इथे ॲडमिशन कोणी देत नाही आणि नाकारतही नाही. डोनेशन नाही, कट-ऑफ नाही, कुणाच्या ओळखीची चिठ्ठी नाही. तुमचं घर ज्या शाळेच्या हद्दीत, ती तुमच्या मुलाची शाळा. भाड्याने राहिलात तरी तेच, स्वतःचं घर घेतलंत तरी तेच.

पण हद्द म्हणजे काय, इथे मंडळी गंडतात. पत्त्यावर 'नेपरव्हिल' लिहिलं आहे म्हणून शाळा नीक्वाच असेल असं मुळीच नाही. या गावात शाळांचे एकाहून अधिक डिस्ट्रिक्ट, म्हणजे सरकारी शाळा चालवणारे स्वतंत्र विभाग, शिरले आहेत. जुन्या गावाचा भाग डिस्ट्रिक्ट २०३ मध्ये येतो, त्यांची हायस्कूलं नेपरव्हिल सेंट्रल आणि नेपरव्हिल नॉर्थ. पश्चिम-दक्षिणेचा मोठा पट्टा आणि शेजारच्या ऑरोराचा पूर्व भाग डिस्ट्रिक्ट २०४ मध्ये, म्हणजे इंडियन प्रेअरीमध्ये. दक्षिण टोकाची काही घरं तर प्लेनफिल्डच्या डिस्ट्रिक्ट २०२ मध्ये जातात. त्यातही २०४ ची तीन हायस्कूलं आहेत: वाबॉन्सी व्हॅली, नीक्वा व्हॅली आणि मेटिया व्हॅली. एकाच सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे घरांच्या वसाहतीत, रस्त्याच्या अलीकडची मुलं एका शाळेत आणि पलीकडची दुसरीत, हे सर्रास दिसतं. म्हणून लीजवर सही करण्याआधी डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर नेमका घरक्रमांक घालून बघा. एजंट काय म्हणतो, घराच्या जाहिरातीत काय छापलंय, त्यावर विसंबू नका.

ही हद्दींची भानगड समजायला थोडा इतिहास हवा. १९७० साली नेपरव्हिलची लोकसंख्या २३ हजारांच्या आसपास होती आणि पश्चिमेला मका-सोयाबीनची शेतं. १९६६ पासून बेल लॅब्जचा मोठा कॅम्पस इथे होता, मग तेलकंपन्यांच्या आणि इतर संशोधन संस्था आल्या. २००० सालापर्यंत गाव सव्वा लाखाच्या वर गेलं. आपली बरीचशी मंडळी आली ती याच लाटेत, टेलिकॉम आणि पुढे आयटीच्या नोकऱ्यांवर. इंडियन प्रेअरी डिस्ट्रिक्ट १९७२ चा. वाबॉन्सी १९७५ मध्ये उघडलं, ते पुरेना म्हणून १९९७ मध्ये दक्षिणेला नाइंटी-फिफ्थ स्ट्रीटवर नीक्वा. वाबॉन्सी आणि मेटिया हे पोटावाटोमी या मूळ अमेरिकन जमातीचे प्रमुख. नीक्वा हा वाबॉन्सीचा मुलगा असल्याचं सांगतात. ज्यांची ही जमीन होती त्यांची नावं तेवढी शाळांच्या पाट्यांवर राहिली.

तिसऱ्या शाळेची, म्हणजे मेटियाची गोष्ट नव्या माणसाने ऐकावीच. ती बांधण्यासाठी २००६ मध्ये मतदारांनी १२ कोटी ४७ लाख डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली. डिस्ट्रिक्टची नजर रूट ५९ जवळच्या एका जमिनीवर होती. प्रकरण कोर्टात गेलं आणि ज्यूरीने भाव ठरवला एकराला पाच लाख डॉलरच्या वर. डिस्ट्रिक्टने ती जागा सोडली आणि शाळा उत्तरेला ऑरोरातल्या ईओला रोडवर बांधली. जागा हलली तशा हद्दीही बदलल्या, पालक चिडले, कोर्टबाजी झाली. मेटिया २००९ मध्ये सुरू झालं ते झालंच. सांगायचा मुद्दा एवढाच की हद्दी दगडावरची रेघ नाहीत. केवळ शाळेच्या नावासाठी ऐपतीबाहेरचं घर घेणाऱ्यांना मी नेहमी हे सांगतो. आणि खरं विचाराल तर तिन्ही शाळांत अभ्यासक्रम एकाच डिस्ट्रिक्टचा आहे. आपल्या लोकांच्या गप्पांत जो फरक असतो तो वर्गात तितका दिसत नाही.

आता शाळा. आकाराने मुलं सुरुवातीला दबतात. तीन हजारांहून जास्त विद्यार्थी, घंटा वाजली की कॉरिडॉरमध्ये दादर स्टेशन. वर्ग ठरलेला नाही, बाक ठरलेला नाही, दर तासाला मुलानेच उठून दुसऱ्या खोलीत जायचं आणि प्रत्येक तासाला आजूबाजूला वेगळे चेहरे. आपल्याकडे 'नववी ब' म्हटलं की त्यातच वर्षभराचे मित्र मिळून जातात, तशी आयती सोय इथे नाही. नववीची मुलं बरीचशी बर्केट फ्रेशमन सेंटर या वेगळ्या इमारतीत असतात, त्यामुळे नववीत येणाऱ्यांना पहिलं वर्ष जरा सोपं जातं. थेट दहावी-अकरावीत उतरणाऱ्या मुलांची खरी काळजी करायची. तीन हजारांत ओळखी आपोआप होत नाहीत. त्या तीस-चाळीस जणांच्या एखाद्या गटातच होतात आणि तो गट मुलाला पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मिळायला हवा. खाली खेळांबद्दल एवढं लांबण लावलंय ते त्यासाठीच.

त्याआधी कागदपत्रं. राहत्या पत्त्याचे पुरावे, जन्मदाखला, पासपोर्ट हे सगळे आणतातच. विसरतात ती नववीची गुणपत्रिका. इथलं हायस्कूल नववीपासून चार वर्षांचं असतं आणि नववीचे गुण कॉलेजला जाणाऱ्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे चार वर्षांच्या एकत्रित गुणपत्रकावर, येतात. तिकडच्या नववीला आपण 'दहावीच्या आधीचं वर्ष' एवढीच किंमत देतो. शाळेचा शिक्का आणि मुख्याध्यापकांची सही असलेली इंग्रजी प्रत तिथूनच घेऊन या; इथून मागवायची तर क्लार्कच्या मिनतवाऱ्या करण्यात दोन महिने जातात.

आरोग्य तपासणी इलिनॉय राज्याच्या ठरावीक फॉर्मवर लागते, फॅमिली डॉक्टरांच्या लेटरहेडवरचं पत्र सहसा चालत नाही. नववीला दातांची तपासणी, राज्यात पहिल्यांदाच शाळेत येणाऱ्याला डोळ्यांची. लसींमध्ये अडतं ते कांजिण्यांपाशी. इथे दोन डोस लागतात. आपल्या सरकारी लसीकरणात ही लसच नाही, आणि खासगीत घेतली असली तरी दुसरा डोस अनेकांचा राहिलेला असतो. तारखांसकट टाइप केलेला कागद आणा. १५ ऑक्टोबरपर्यंत हे पूर्ण झालं नाही तर मुलाला घरी बसवतात, आणि त्यात कोणाची मुर्वत ठेवत नाहीत.

नोंदणीच्या वेळी 'घरी कोणती भाषा बोलता' असा एक प्रश्न असतो. तिथे 'मराठी' लिहिलं की मुलाची इंग्रजीची चाचणी होते. ती टाळायला काही जण बिनदिक्कत 'इंग्लिश' लिहितात, कुणीतरी कानात सांगितलेलं असतं म्हणून. कशाला? इंग्रजी माध्यमातलं मूल ती चाचणी बहुधा सहज पार करतं, आणि ज्याला खरंच मदत हवी त्याला ती फुकट मिळते. मराठी लिहा.

गणिताकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. इथे साधारण एका वर्षी एकच शाखा: अल्जिब्रा वन, मग जॉमेट्री, मग अल्जिब्रा टू, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. आपल्या बोर्डाच्या नववी-दहावीत बीजगणित आणि भूमिती शेजारी शेजारी चालतात. इथल्या काउन्सेलरला, म्हणजे मुलाचे विषय ठरवून देणाऱ्या शाळेतल्या सल्लागाराला, नुसतं 'मॅथेमॅटिक्स, ८७' दिसलं तर त्यातून काय बोध होणार? मग तो सावधपणे खालच्या वर्गात घालतो आणि मूल वर्षभर येतं तेच पुन्हा करत बसतं. महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांना एक फायदा आहे, भाग एक आणि भाग दोन अशी पुस्तकं आणि पेपर वेगवेगळे असतात. दोन्ही पुस्तकांच्या इंग्रजी माध्यमाच्या अनुक्रमणिका छापून घ्या, काउन्सेलरसमोर ठेवा आणि प्लेसमेंट टेस्ट मागा. मागितल्याशिवाय मिळेल असं धरून चालू नका. विज्ञानाचंही तसंच आहे. बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स हे वर्षावर्षाचे स्वतंत्र विषय.

एपीचा (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंटचा) मोह सगळ्यांना होतो. कॉलेजच्या पातळीचे हे विषय, मे महिन्यात परीक्षा, एक ते पाच गुण. तीन किंवा जास्त मिळाले तर इलिनॉयच्या सरकारी विद्यापीठांनी त्याचं क्रेडिट द्यावं असा राज्याचा कायदा आहे, त्यामुळे पैशांचाही हिशेब बसतो. पण आल्या आल्या पहिल्याच वर्षी चार-चार एपी घ्यायला लावणारे आईबाबा मी दर ऑगस्टमध्ये बघतो. नवीन देश, नवीन पद्धत, दर आठवड्याला क्विझ, गृहपाठाचेसुद्धा गुण. परीक्षेच्या आदल्या महिन्यात रट्टा मारून इथे निभत नाही. पहिल्या वर्षी एक, फार तर दोन. उरलेला वेळ ज्या गोष्टीला द्यायचा ती पुढे सांगतो.

विज्ञानाची खरी आवड असेल तर शाळेबाहेरही दोन गोष्टी हाताशी आहेत. बटाव्हियाच्या फर्मिलॅबमध्ये हायस्कूलच्या मुलांसाठी शनिवारी सकाळी भौतिकशास्त्राचे मोफत वर्ग चालतात. नोबेल विजेते लिऑन लेडरमन यांनी ते सुरू केले. ऑरोरात इमसा ही राज्याची निवासी शाळा आहे, दहावी ते बारावी, १९८६ पासून. तिथे मात्र निवड होते, अर्ज करावा लागतो. आणि ज्याला हातानं काम करण्यात रस आहे त्याच्यासाठी ॲडिसनचं टेक्नॉलॉजी सेंटर आहे, अकरावी-बारावीची मुलं अर्धा दिवस तिथे जातात. आपले लोक याचं नावसुद्धा काढत नाहीत. काढायला हवं.

आता खेळ. इथे पीटीचा तास गणितवाल्या बाई मागून घेत नाहीत! शारीरिक शिक्षण राज्याच्या कायद्यानेच चारही वर्षांच्या वेळापत्रकात आहे. शाळेच्या संघांची स्पर्धा आयएचएसए या राज्यसंस्थेच्या नियमांनी होते, आणि नीक्वा खेळते ती डूपेज व्हॅली कॉन्फरन्स या शाळांच्या गटात, म्हणजे वाबॉन्सी, मेटिया आणि २०३ च्या दोन्ही शाळांशी. शेजाऱ्यांतली चुरस बघायची असेल तर सप्टेंबरमधल्या एखाद्या शुक्रवारी रात्री अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर जा. खेळ कळला नाही तरी चालेल. नीक्वाचे वाइल्डकॅट्स निळ्या-सोनेरीत, बँड वाजतोय, थंडीला नुकती सुरुवात. निम्म्या मुलांचं लक्ष खेळाकडे नसतंच, ती एकमेकांना भेटायला आलेली असतात. तुमच्या मुलानेही जायला हवं ते त्यासाठीच. होमकमिंगच्या, म्हणजे शरदातल्या शाळेच्या सोहळ्याच्या नाचालाही पाठवा हो, काही बिघडत नाही.

या परिसराला खेळांचा वारसा आहे. बास्केटबॉलची कँडेस पार्कर नेपरव्हिल सेंट्रलची. २००३ आणि २००४ मध्ये तिच्या संघाने राज्य जिंकलं. नीक्वाचा अभिमान वेगळा आहे: २००७ मध्ये मुलांच्या क्रॉस कंट्री (मोकळ्या मैदानातल्या लांब पल्ल्याच्या धावण्याच्या) संघाने पोर्टलंडला जाऊन नाइकीची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. क्रॉस कंट्रीचं नाव मुद्दाम घेतो. बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, टेनिसमध्ये ट्रायआउट, म्हणजे निवड चाचण्या, असतात, आणि लहानपणापासून क्लबात खेळलेल्या मुलांपुढे आपल्या मुलाचा निभाव लागणं कठीण. धावण्याच्या संघातून मात्र सहसा कोणाला काढत नाहीत. हळू धावणाराही रोज दुपारी तीस-चाळीस जणांबरोबर धावतो, शनिवारी बसने स्पर्धेला जातो, डबे उघडतो. महिन्याभरात त्याला जेवणाच्या सुट्टीत कुठे बसायचं याची चिंता उरत नाही.

बॅडमिंटनवाल्यांनो, एक गोष्ट आधीच सांगतो. आयएचएसएमध्ये बॅडमिंटन फक्त मुलींचं आहे, वसंतात. तिथे आपल्या मुली चांगल्या चमकतात. मुलांना ती सोय नाही, त्यांनी क्लब शोधावा. टेनिसमध्ये मुली शरदात खेळतात, मुलं वसंतात. बुद्धिबळ, वादविवाद आणि स्कॉलॅस्टिक बोल ही प्रश्नमंजुषाही आयएचएसएच्याच छत्राखाली येतात, म्हणजे बुद्धिबळ खेळणारासुद्धा इथे 'टीम'मध्ये असतो. आणि संगीत! नीक्वाच्या संगीत विभागाला ग्रॅमी फाउंडेशनने गौरवलेलं आहे. तबला-पेटी शिकलेल्या मुलाला कॉयरमध्ये किंवा पर्कशनमध्ये सूर सापडायला वेळ लागत नाही.

संघात राहायचं तर दर आठवड्याला किमान पाच विषयांत पास असावं लागतं. खेळामुळे अभ्यास बुडेल ही भीती घालणाऱ्या आजी-आजोबांना हा नियम वाचून दाखवा.

ड्रायव्हिंगचं शिक्षणही सरकारी शाळांनीच द्यायचं असतं. पंधराव्या वर्षी पर्मिट (शिकाऊ परवाना), मग पालकांना शेजारी बसवून ५० तास. त्या ५० तासांसाठी देव तुम्हाला धीर देवो.

आणि मराठी. महाराष्ट्र मंडळ शिकागो १९६९ पासून आहे, मराठी शाळा आहे. हायस्कूलमध्ये गेल्यावर मुलं तिकडे फिरकत नाहीत असा अनुभव आहे, पण इलिनॉयमध्ये द्विभाषिकतेचा शासकीय शिक्का ट्रान्सक्रिप्टवर मिळतो आणि त्यासाठी मराठीचीही परीक्षा देता येते. वाचन, लेखन, बोलणं, ऐकणं, चारही. राज्यातली सरकारी विद्यापीठं हा शिक्का हायस्कूलच्या दोन वर्षांच्या परकीय भाषेइतका मानतात. नुकतं आलेलं मूल हे डाव्या हाताने करू शकतं. काउन्सेलरला अकरावीतच विचारा, बारावीच्या शेवटी धावपळ नको.

जूनमध्ये येणार असाल तर एक काम विमानात बसण्याआधीच करा. खेळासाठीची शारीरिक तपासणी वेगळ्या फॉर्मवर असते, ती ३९५ दिवस चालते, आणि त्याशिवाय पहिल्या सरावालाही उभं करत नाहीत. शरदातल्या खेळांचे सराव आणि मार्चिंग बँडचं शिबिर शाळा उघडण्याआधीच सुरू होतं. इथे नव्या पेशंटला डॉक्टरांची वेळ मिळायला आठवडे लागतात. तेव्हा अपॉइंटमेंट तिकडूनच घेऊन ठेवा, आणि कोचला दोन ओळींची ई-मेल मुलालाच लिहू द्या.