खुराकाच्या आधीची पंधरा मिनिटे

जातिवंत पिल्ले, शेडची रचना आणि लसीकरण यांची माहिती बहुतेक नव्या वराहपालकांनी आधीच घेतलेली असते, म्हणून ती येथे पुन्हा सांगत नाही. यॉर्कशायर डुकरे पाळायला लागलो तेव्हा माझ्याकडेही ती होती. तरीही पहिल्याच वर्षी दोन जनावरे दगावली, आणि ज्या कारणाने दगावली ते आजही मनाला लागून आहे.

मी डुकरांची पाहणी खुराक टाकताना करत असे. बादलीचा आवाज झाला की अंगात ताप असलेले डुक्करही उठते, कारण सोबतची सगळी धावलेली असतात. ते गव्हाणीत तोंड घालते, पण खात नाही. बाकीची त्याचा वाटा फस्त करतात, गव्हाण स्वच्छ होते आणि मालकाला वाटते की सगळी पोटभर जेवली. माझ्या बारा डुकरांच्या कप्प्यात एक मादी अशीच तीन दिवस गव्हाणीशी येऊन उभी राहत होती. चौथ्या दिवशी ती पुढचे पाय रोवून कुत्र्यासारखी बसलेली दिसली आणि प्रत्येक श्वासाला तिची कूस आत ओढली जात होती. फुप्फुसाचा तो आजार तोवर आणखी तिघांत पसरला होता. रिकामी गव्हाण कळपाचे पोट भरल्याचे सांगते, एकेका जनावराचे नाही.

म्हणून पाहणी खुराकाच्या आधी, हातात बादली न घेता, कप्प्याच्या बाहेर शांत उभे राहून करावी. हे मला शेजारच्या गावातील एका वृद्ध पालकाने शिकवले. ते रोज पहाटे पंधरा मिनिटे भिंतीशी बसून नुसते बघत, आणि माझ्या मते कोणत्याही दोन दिवसांच्या प्रशिक्षणापेक्षा असा माणूस जवळ असणे मोलाचे आहे. निरोगी डुकरे कुशीवर, पाय सैल सोडून, एकमेकांना टेकून झोपतात. पोटाखाली पाय घेऊन, पाठ वाकवून एकटेच कोपऱ्यात पडलेले जनावर लक्षात ठेवावे, मग सगळ्यांना उठवून सर्वांत शेवटी कोण उठते ते पाहावे. संशय आला तर थर्मामीटर लावावा. साधारण 102 ते 103 अंश फॅरनहाइट नेहमीचे, पण उन्हाने किंवा धावपळीने ते वाढते, म्हणून सकाळची नोंदच धरावी.

शेपटीकडे माझे पूर्वी लक्षच नसे. एरवी वळलेली शेपटी अनेक डुकरांनी खाली सोडलेली किंवा पायांत दाबलेली दिसू लागली, तर शेपटी चावण्याचे प्रकार सुरू होण्याची ती पूर्वखूण असू शकते. तेव्हाच गर्दी, हवा आणि पाण्याचे निपल तपासावेत, रक्त दिसेपर्यंत थांबू नये. नवजात पिल्ले एकमेकांवर ढीग करून पडली तर त्यांना थंडी वाजते आहे. पहिल्या दिवसांत त्यांना 32 ते 35 अंश सेल्सिअस ऊब लागते. व्यायलेली मादी कास दाबून पोटावर पडून राहिली आणि पिल्ले ओरडत राहिली, तर संध्याकाळची वाट पाहू नका. उपाशी पिल्ले काही तासांत खचतात.

एक जनावर सुस्त दिसताच सगळ्या कप्प्याला अँटिबायोटिकचे इंजेक्शन टोचण्याचा सल्ला तुम्हालाही मिळेल. तो मानू नका. त्याने लक्षणे दबतात आणि पशुवैद्यकाला निदान करणे अवघड जाते. भारतात 2020 साली आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आढळलेल्या आफ्रिकन स्वाइन फीव्हरवर तर औषधच नाही. अनेक डुकरे एकदम तापाने फणफणली, एकमेकांना चिकटून पडली, कान आणि पोट लालसर-जांभळे झाले, तर एकही जनावर विकू किंवा हलवू नका आणि त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. माणसाला तो रोग होत नाही, एवढा धीर मात्र धरावा.

पहिल्या महिन्यात सगळी डुकरे सारखीच दिसतील आणि आपल्याला काही कळत नाही असे वाटेल. मलाही तसेच वाटले होते. दीड-दोन महिन्यांत कोण कोणत्या भिंतीशी झोपते हे पाठ होते, आणि एखाद्या सकाळी ती जागा रिकामी दिसली की पाय आपोआप त्या कप्प्यापाशी थांबतात.