खारपाण पट्ट्यात बोअर मारण्याआधी

आधी पाणी तपासा. रिगवाल्याला इसार देण्याआधी, दुकानात पाइपचा भाव विचारण्याआधी. पूर्णाकाठचं पाणी खारं, हे अकोला-अमरावती-बुलढाण्यातलं शेंबडं पोरही सांगेल. किती खारं, ते जीभ सांगत नाही. मागच्या खेपेला हेच राहून गेलं आणि लोखंडी केसिंगची, म्हणजे बोअरच्या भिंतीला आधार देणाऱ्या बाहेरच्या पाइपची, गंजून चाळणी झाली.

नमुना शेजारच्या बोअरचा घ्या, तोही साधारण तेवढ्याच खोलीच्या. उघड्या विहिरीचं पाणी चालत नाही, वरचं निराळं आणि खालचं निराळं. मोटर थोडा वेळ चालू द्या, मग बाटली काठोकाठ भरून बूच घट्ट लावा. आत हवा राहिली की विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निसटतो, पीएच चढून येतो आणि आम्ल पाणी कागदावर साळसूद दिसतं. तपासणीत पीएच, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार), सल्फेट, लोह हवंच; क्लोराइड, म्हणजे मिठातला घटक, तर आवर्जून तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोत नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात. ही माणसाची मर्यादा आहे, पाइपची नाही.

रिपोर्ट हातात आल्यावरच पाइप. “जीआय आहे, गंजत नाही” असं दुकानदार म्हणेल. जीआय म्हणजे जस्ताचा थर दिलेलं लोखंड. क्लोराइड जास्त असेल तर जस्ताचा थर आधी जातो, मग लोखंड. स्टेनलेसवरही डोळे झाकून विसंबू नका. ३०४ प्रतीच्या स्टेनलेसला बारीक खड्डे पडतात, ३१६ प्रतीचं जास्त टिकतं पण महाग. केसिंगला यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) घ्या, आयएस १२८१८ या भारतीय मानकाचा शिक्का पाहून. ८० मीटरपर्यंतच्या बोअरला सीएस (उथळ बोअरचा पाइप), त्याहून खोल बोअरला सीएम (मध्यम खोलीचा). पाणी तपासलं नसेल तर या परिच्छेदाचा काही उपयोग नाही.

धातूंची सरमिसळ टाळा. मोटरचं तोंड स्टेनलेसचं आणि त्याला जीआय पाइप जोडला, तर सांध्याजवळ जीआयच खाल्ला जातो. पाण्याची पातळी जिथे खालीवर होते, तिथे हवा आणि ओल दोन्ही मिळतात, म्हणून तो टप्पा सगळ्यात आधी सडतो. मोटरला एचडीपीई (हेही प्लास्टिकच) किंवा यूपीव्हीसीचा कॉलम पाइप, म्हणजे पाणी वर आणणारा पाइप, लावा, भानगड मिटली. जीआयच वापरायचा असेल तर आटे पाडताना जस्त निघतं, पान्याने ओरबाडतं, वेल्डिंगने जळतं. त्या त्या जागी जस्ताचा रंग लावा.

बोअर झाल्यावर गढूळपणा जाईपर्यंत उपसा. ब्लीचिंग पावडर टाका, नाहीतर लोहजिवाणू (पाण्यातल्या लोहावर जगणारे जिवाणू) तांबडा चिकट थर धरतात आणि त्याखाली धातू कुजतो. दुसऱ्या दिवशी सगळं उपसून काढा, क्लोरीन आत राहिलं तर तेही खातं. सडक्या अंड्यासारखा वास आला तर थांबा, खाली सल्फाइड आहे. लोखंड उतरवू नका.

झाकण, केबल, दोर नेहमीचंच. पाइपचं बिल आणि पाण्याचा रिपोर्ट एकत्र ठेवा.