यूथ एक्सचेंजला जर्मनीत निघालात? या चुका टाळा

पहिल्या आठवड्यातला रडवेला फोन बहुतेक वेळा भुकेचा असतो. सांगलीची एक मुलगी जर्मनीत पोचून चारच दिवस झाले होते आणि ती आईला सांगत होती, "मला इथे कोणी पोटभर जेवायला देत नाही." आईच्या तोंडचं पाणी पळालं, तिने मला फोन केला. मी मुलीशी बोलले तेव्हा उलगडा झाला. होस्ट आई (मुलगी जिच्या घरी राहत होती ती बाई) बटाट्याचं भांडं पुढे करून "आणखी घेतेस का?" विचारायची आणि ही संकोचाने हसून "डांके" म्हणायची. तिच्या लेखी ते आभार होते, आणि आता थोडा आग्रह होईल अशी तिची अपेक्षा. जर्मनीत मात्र पुढे केलेल्या पदार्थाला नुसतं "डांके" म्हटलं की त्याचा अर्थ "नको, पुरे" असाच घेतात. हवं असेल तर "या, गेर्न" (हो, आनंदाने) किंवा "बिट्टे" (प्लीज) म्हणायचं. भांडं रोज शांतपणे पुढे सरकत राहिलं आणि पोर चार रात्री अर्धपोटी झोपली.

रोटरी क्लबच्या यूथ एक्सचेंजमधून वर्षभरासाठी जाणाऱ्या मुलांची तयारी करून घेण्याचं काम मी काही वर्षं करते आहे. ही १५ ते १९ वयोगटातली मुलं. होस्ट फॅमिलीत राहायचं, तिथल्याच शाळेत जायचं, वर्षात बहुधा दोन-तीन घरं बदलायची. राहण्याजेवणाची सोय यजमान करतात. तिकीट, विमा आणि व्हिसाचा खर्च आपला. माझा संबंध जास्त जर्मनीला गेलेल्या मुलांशी आला, म्हणून उदाहरणंही तिथलीच देते.

जिथे जिथे बिघडलं, तिथे शोधत गेलं की शेवटी एकच गोष्ट हाती लागते: मूल गप्प बसलं होतं. दुसऱ्याच्या घरी मागायचं नाही, पानात पडेल ते खायचं, तक्रार करायची नाही, हे आपणच त्यांना शिकवलेलं असतं. चार दिवसांच्या पाहुण्याला ते शोभतं. तुम्हाला मात्र तिथे वर्षभर घरचं मूल म्हणून राहायचं आहे.

फॉर्मवर सोयीचं लिहिणं

चांगलं घर मिळावं म्हणून पालक दमा लपवतात, रोजची गोळी लपवतात. पुढे थंडीत मुलाला धाप लागते तेव्हा होस्ट आईला काहीच माहीत नसतं. आजार, ॲलर्जी, औषधं सगळं लिहा. औषधाची चिठ्ठी डॉक्टरांकडून इंग्रजीत घ्या, तिच्यावर औषधाचं मूळ नाव असू द्या.

नुसतं "शाकाहारी" लिहिणंही पुरेसं नाही. अंडं चालतं का? मासे? मटणाच्या पाण्यातलं सूप? जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं) घातलेल्या गोळ्या? जर्मनीत मांस न खाणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे अडचण शाकाहाराची येत नाही, अर्धवट माहितीची येते. आणि घरी आईच्या नकळत चिकन खात असाल, तर फॉर्म भरण्याआधी तो विषय घरात काढा. मी पाहिलेल्या एका मुलाचा सबंध पहिला महिना त्या चोरीतच गेला.

जेवणाचंच आणखी एक. पुष्कळ जर्मन घरांत दुपारचं जेवण गरम असतं आणि संध्याकाळी पाव, चीज, काकडी, लोणी असं थंड खाणं. त्याला आबेंडब्रोट म्हणतात. आपली मुलं "हे झालं की जेवण येईल" म्हणून एकाच पावावर थांबतात. तेच जेवण असतं. पोटभर खा.

आईला आधी, होस्ट आईला नंतर

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक, आणि ती पालक व मुलं मिळून करतात.

खोलीतला हीटर चालत नाही. मूल रात्री आईला व्हिडिओ कॉलवर सांगतं. आईची झोप उडते. बाबा इथल्या क्लबच्या अध्यक्षांना फोन करतात, ते तिथल्या क्लबला ईमेल पाठवतात. दोन दिवसांनी तिथला कोणीतरी होस्ट आईला विचारतो, "मुलाला थंडीत झोपवता का?" ती बाई खाली स्वयंपाकघरात असते. मुलाने जिना उतरून सांगितलं असतं तर तिने बटण फिरवून दिलं असतं. हीटर दोन मिनिटांत सुरू होतो, पण त्या घराचं मन पुन्हा जुळायला फार वेळ लागतो.

क्रम असा ठेवा: आधी होस्ट आईबाबा, मग काउन्सेलर, मग घरी फोन. रोटरीत प्रत्येक मुलाला एक काउन्सेलर दिलेला असतो आणि तो होस्ट कुटुंबातला नसतो. ही व्यवस्था मुद्दाम तशी केली आहे. घराबद्दल बोलायचं असेल तर घराबाहेरचं माणूस हवं.

या क्रमाला एकच अपवाद. कोणी नको तसा स्पर्श केला, नको तसं बोललं, रात्री खोलीत आलं, भीती वाटली, तर क्रम विसरा. काउन्सेलर, शिक्षिका, आईबाबा, जो आधी फोन उचलेल त्याला सांगा. पोलिसांचा नंबर ११०, रुग्णवाहिकेचा ११२. त्यांना वाईट वाटेल, कार्यक्रमाचं नाव जाईल, असला विचार एक क्षणही करू नका. घर त्याच दिवशी बदलता येतं.

पालकांनो, रोजचा कॉल आठवड्यातून एकावर आणा. वेळेतला फरक उन्हाळ्यात साडेतीन तासांचा, हिवाळ्यात साडेचार. तुम्ही रात्री साडेनऊला निवांत होता, तेव्हा तिथे संध्याकाळ असते. म्हणजे सगळे एकत्र बसण्याची वेळ. तेव्हा मूल खोलीचं दार लावून तुमच्याशी बोलत राहिलं, तर ते त्या घराचं कधी होणार?

"जमेल तेव्हा शिकू" म्हणून भाषा टाळणं

वर्गातली मुलं इंग्रजी बोलतात, त्यामुळे सुरुवात सोपी जाते. दोन महिन्यांनी ती आपापसांत जर्मनकडे वळतात आणि तुम्ही कोपऱ्यात उरता. निघण्याआधी निदान जर्मनची ए-वन, म्हणजे अगदी पहिली पातळी पुरी करा. तिथे गेल्यावर होस्ट भावंडांना सांगा, "माझ्याशी इंग्रजी बोलू नका." चुकीचं बोललेलं चालतं. इतर देशांतून आलेल्या एक्सचेंजच्या मुलांशी मैत्री होईलच, पण शनिवार-रविवार सगळे त्यांच्यातच घालवू नका.

कायदा आणि नियम एकच समजणं

जर्मनीत १६ व्या वर्षी बिअर घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. वर्गमित्र घेतात, कधी होस्ट बाबाही विचारतात. रोटरीचे नियम मात्र तुम्ही सही करून मान्य केलेले असतात: गाडी चालवायची नाही, दारू नाही, अमली पदार्थ नाहीत, प्रेमप्रकरण नाही. "इथे चालतं" हे उत्तर ऐकून घेतलं जात नाही, मुलं परत पाठवली गेली आहेत.

कागदपत्रं

मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा १८ वर्षं पूर्ण होईपर्यंतचा असतो. बाराव्या वर्षी काढलेला पासपोर्ट सतराव्या वर्षी, ऐन एक्सचेंजमध्ये संपतो. आधी तारीख बघा. १५ पूर्ण झालेल्यांना दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो.

नावाचा घोळ खास आपला. आपल्याकडे पासपोर्टवर मुलीच्या नावापुढे वडिलांचं नाव त्याच रकान्यात येतं, जन्मदाखल्यावर कधी नुसतं मुलीचंच असतं. दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर जुळवा. तिथल्या शाळेच्या हजेरीत वडिलांचं नाव मुलीचंच दुसरं नाव म्हणून लागतं, तेव्हा हाक कोणत्या नावाने मारायची हे पहिल्या दिवशी सांगून टाका.

व्हिसासाठी आई आणि वडील दोघांची संमती लागते. एकजण बोटीवर किंवा आखातात असेल, तर ते काम आधी उरका. तिथे पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते, आणि होस्ट घर बदललं की ती पुन्हा करावी लागते. ही दुसरी नोंदणी हमखास विसरली जाते.

भारतीय कार्डावर परदेशातले व्यवहार बँकेच्या ॲपमधून सुरू करून घ्या. ओटीपी येतो तो नंबर बंद पडू देऊ नका.

दिवाळीचा आठवडा

घरची आठवण पहिल्या आठवड्यात येते ती साधी असते. खरी कळ लागते दिवाळीच्या सुमाराला. नवलाई ओसरलेली, भाषा अजून अर्धी कच्ची, आणि उत्तर जर्मनीत तर डिसेंबरच्या मध्यावर चारलाच सूर्य मावळतो. मुलांना वाटतं, आपल्यातच काही कमी आहे. तसं नसतं, त्या दिवसांत बहुतेकांचं असंच होतं. तेव्हा खोलीत बसू नका. गायनाचा गट, फुटबॉल, काहीही धरा.

आणि दिवाळी त्या घरात करा. पणत्या न्या, साधं वरण-भात-भाजी करा. आधी इथे दोनदा स्वतःच्या हाताने करून बघा. तिथे फोडणी टाकताना खिडकी उघडी ठेवा, स्वयंपाकघराचं दार लावा. जर्मन घरांत छताला धुराचे अलार्म बसवलेले असतात, आणि तेलात मोहरी-हिंग-मिरची पडल्यावर ते कान किटवतात. नाशिकच्या एका मुलाने आधी सगळ्यांना स्वयंपाकघरात उभं करून सांगितलं, "आता आवाज होईल, घाबरू नका." मोहरी तडतडली, होस्ट आजी दोन पावलं मागे सरकली आणि मग वास आल्यावर पुढे झाली. त्या घरी तो सुट्टीतही जात राहिला.

परतीच्या वेळी

जर्मन शाळांना उन्हाळ्यात सहा आठवडे सुट्टी असते, तेव्हा ऑफिसात कोणी भेटेलच असं नाही. हजेरीचं पत्र, गुणपत्रक आणि विषयांची यादी, तिन्ही शिक्क्यानिशी, सुट्टी लागायच्या आधी हातात घ्या. इथे अकरावी-बारावीचा प्रवेश करताना तेच मागतात, आणि जुलैत सांगलीत बसून तिकडे ईमेल पाठवले तर उत्तर सप्टेंबरपर्यंत येत नाही.