नागपूरहून अमेरिकेत स्पॅनिश शिकवायला येणाऱ्यांसाठी

सुट्टीत धरमपेठेत आलो की मामा अजून विचारतात, "काहून बे, तिथं स्पेनचे लोक संपले का?" संपले नाहीत, पण विद्यापीठांच्या जाहिरातीत 'मातृभाषक किंवा त्या तोडीचं प्रभुत्व' असं लिहिलेलं असतं. त्यातला 'किंवा'नंतरचा भाग आपला.

ती तोड कागदावर दिसली पाहिजे. तीन वर्षांच्या बीएवर थेट पीएचडीला प्रवेश मिळणं अवघड. दिल्लीच्या जेएनयूतून किंवा हैदराबादच्या इफ्लूतून (इंग्रजी आणि परदेशी भाषांचं विद्यापीठ) स्पॅनिशमध्ये एमए करा, डेले या स्पॅनिशच्या अधिकृत परीक्षेची सी१ ही वरची पातळी तरी काढा. त्या प्रमाणपत्राला मुदत नसते. ट्रान्सक्रिप्टच्या, म्हणजे विद्यापीठाच्या गुणपत्रकाच्या, जास्तीच्या सीलबंद प्रती भारतातून निघण्याआधीच काढून ठेवा, नाहीतर बाबांना विद्यापीठात चकरा माराव्या लागतात.

पीएचडी करतानाच बहुतेक ठिकाणी वर्ग हातात येतो. त्या बदल्यात फी माफ आणि विद्यावेतन. इथे मराठी कामी येतं. इंग्रजी बोलणारी मुलं त आणि प म्हणताना हवा सोडतात, स्पॅनिशमध्ये मराठीसारखीच ती सोडत नाहीत. ओठांसमोर कागदाचा कपटा धरून 'पापा' म्हणायला लावा, त्यांचा फडफडेल, तुमचा हलणार नाही. घरी स्पॅनिश बोलणारी मुलंही वर्गात असतात. त्यांची भाषा 'शुद्ध' करायला धावू नका. वऱ्हाडी बोलणाऱ्याला पुण्यात जे ऐकावं लागतं, ते त्यांनी भरपूर ऐकलेलं असतं.

व्हिसाचं मात्र पहिल्या वर्षापासून डोक्यात ठेवा. पीएचडीनंतर ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करायचे, १२ महिने मिळतात. इंजिनिअर रूममेटला वर २४ मिळतील, स्पॅनिशवाल्याला नाही. दिलासा एवढाच की एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी कंपन्यांना लागते ती लॉटरी विद्यापीठांना लागू नाही, वर्षभरात केव्हाही अर्ज करता येतो. म्हणून ऑफर आली की पगाराच्या आधी विचारा: एच-१बी कधी भरणार आणि या पदावर ग्रीन कार्ड करता का? टेन्युअर ट्रॅकवर, म्हणजे पुढे कायम होऊ शकणाऱ्या पदावर, बहुधा करतात. लेक्चरर आणि व्हिजिटिंगला पुष्कळ ठिकाणी हात वर करतात. निवड झाल्यापासून १८ महिन्यांत लेबर सर्टिफिकेशन (ग्रीन कार्डासाठी विद्यापीठाने कामगार खात्याकडे करायचा पहिला अर्ज) भरलं, तर त्याच निवडीवर काम भागतं, पुन्हा जाहिरात द्यावी लागत नाही. एचआरला हे ठाऊक असेलच असं धरू नका, लेखी आठवण द्या. भारतात जन्मलेल्यांची रांग वर्षानुवर्षांची आहे, आणि तुमचा नंबर तो अर्ज भरल्याच्या तारखेपासून लागतो.

जाहिराती सप्टेंबरपासून एमएलएच्या (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन, भाषेच्या प्राध्यापकांची संघटना) नोकऱ्यांच्या यादीवर यायला लागतात, त्यामुळे शिफारसपत्रांसाठी प्राध्यापकांना इथल्या उन्हाळ्यातच, जून-ऑगस्टमध्ये, गाठा.