एलईडी टीव्ही कपाटात का जातो : जिल्हा परिषद शाळेत नवीन लागलेल्यांसाठी थोडं

पवित्र पोर्टलवरून, म्हणजे शिक्षकभरतीच्या सरकारी साईटवरून, नुकतेच लागलेले बरेच जण केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत भेटतात आणि चहाच्या वेळेला प्रश्न ठरलेला असतो, सर आमच्या शाळेत एलईडी आहे, प्रोजेक्टर आहे, टॅब पण आलेत म्हणतात, मग वापरत का नाही कोणी? त्यांच्या बोलण्यात एक न बोललेलं वाक्य पण असतं की जुने शिक्षक आळशी आहेत, कॉम्प्युटर म्हटलं की घाबरतात. मी पुसदकडच्या बंजारा तांड्यावर दोन शिक्षकी शाळेत काम केलंय, आता जरा मोठ्या शाळेत आहे, त्यामुळे जे बघितलं ते लिहून टाकतो, पटलं तर घ्या.

आधी ते घाबरण्याचं डोक्यातून काढा. शिक्षकाच्या हातात दिवसभर मोबाईलच असतो. पोषण आहाराची रोजची नोंद ऑनलाईन, शाळेची माहिती यू-डायस प्लसवर, पोरांची सरलवर, शिष्यवृत्तीचे फॉर्म ऑनलाईन, पगार शालार्थमधून, पॅट (नियतकालिक मूल्यांकन) परीक्षेचे गुण चॅटबॉटवर, आणि १ डिसेंबर २०२३ पासून पोरांची हजेरी सुद्धा स्विफ्टचॅट ॲपच्या बॉटवर भरायला सांगितली. आधार व्हॅलिड नसलेलं पोरगं संचमान्यतेत, म्हणजे पोरांच्या संख्येवरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, धरत नाहीत, म्हणजे ऊसतोडीला गेलेल्या घरातल्या एखाद्या पोराच्या आधारवर नावाचं स्पेलिंग चुकलं असेल तर त्याच्यापायी शाळेतलं एक पद जाऊ शकतं, मग मास्तर रात्री जेवण झाल्यावर साईट मोकळी असते म्हणून तेच करत बसलेला असतो. अशा माणसाला टेक्नॉलॉजी येत नाही म्हणणं जरा अतीच आहे. त्याला ती येते, फक्त त्याच्यापर्यंत आलेली बहुतेक टेक्नॉलॉजी वर माहिती पाठवायला आलेली आहे, वर्गात शिकवायला आलेली फार थोडी. आणि दिवसभर ते भरून झाल्यावर वर्गात परत एक स्क्रीन चालू करायचा कंटाळा येतो, हे मी खोटं कशाला सांगू.

कॉम्प्युटर आमच्या पिढीकडे आला तो पण धाकानेच. एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स करा नाहीतर वेतनवाढ थांबेल, शेवटची तारीख ३१ डिसेंबर २००७. ज्यांनी त्यानंतर पास केली त्यांच्याकडे पुढे दिलेल्या वेतनवाढीच्या वसुल्या निघाल्या, लोक कोर्टात गेले. त्या कोर्समधे वर्ड एक्सेल शिकलो, सर्टिफिकेट सेवापुस्तकात लागलं, पण तिसरीच्या पोरांना हातच्याची वजाबाकी या मशीनवर कशी दाखवायची हे त्यात कुठे नव्हतं. पुढे दीक्षा ॲपवर शिक्षक प्रशिक्षणाचे निष्ठा कोर्स आले, त्यातले काही खरंच चांगले होते, पण तालुक्यातून रोज यादी यायची की कोणाचं सर्टिफिकेट बाकी आहे, मग व्हिडिओ चालू करून मोबाईल टेबलावर ठेवायचा आणि आपण वह्या तपासायच्या. यादी सर्टिफिकेटची मागितली की सर्टिफिकेटच तयार होतं.

आता मुख्य गोष्ट. डेडस्टॉक. नवीन माणसाला हा शब्द माहितीच नसतो आणि माझ्या मते टीव्ही कपाटात जाण्याचं निम्मं कारण याच रजिस्टरमधे आहे. शाळेत आलेली प्रत्येक टिकाऊ वस्तू जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढते, खुर्ची असो की टॅब, आणि ती मुख्याध्यापकाच्या नावावर असते. छोट्या शाळेत मुख्याध्यापक म्हणजे कोण, तर दोघांतला सीनियर शिक्षक, ज्याच्याकडे प्रभारी चार्ज आहे. आपल्या प्राथमिक शाळांना शिपाई नाही, रात्रीचा वॉचमन नाही, शाळा गावाच्या किंवा तांड्याच्या कडेला, दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पूर्ण ओस. टीव्ही चोरीला गेला तर पोलीस स्टेशन, पंचनामा, पंचायत समितीला खुलासा, आणि निष्काळजीपणा दिसला तर वसुली त्याच्याच पगारातून. पोराच्या हातून टॅब पडून फुटला तर? रिपेअरला वेगळा पैसा कुठल्या हेडमधे नाही. बंद पडलेली वस्तू फेकता पण येत नाही, त्याला निर्लेखनाचा, म्हणजे नोंदवहीतून वस्तू कमी करायचा, प्रस्ताव करावा लागतो आणि मंजुरी येईपर्यंत ती वस्तू सांभाळायची, बदली झाली की चार्ज देताना एकेक मोजून द्यायची. मी बघितलेल्या एका शाळेत जुने सीपीयू पोत्यात बांधून ठेवले होते आणि पोत्यावर खडूने नोंदवहीचा पान नंबर. अशा व्यवस्थेत टीव्ही वापरला आणि बिघडला तर जबाबदार तुम्ही, आणि वापरलाच नाही तर कोणी विचारत नाही, तपासणीला आलेल्या साहेबांना कुलूप उघडून दाखवला की काम झालं. तुम्ही त्या जागी असता तर काय केलं असतं? शिक्षणसेवकाचं, म्हणजे नवीन लागलेल्या शिक्षकाचं, महिन्याचं मानधन २०२३ पासून सहाचं सोळा हजार झालं हे खरं, पण वर्गाला पुरेल असा मोठा टीव्ही त्याच्याहून महाग पडू शकतो.

म्हणून जुने सर किल्ली देत नाहीत तेव्हा चिडू नका. एसएमसीच्या (शाळा व्यवस्थापन समितीच्या) बैठकीत एक साधा ठराव घ्यायला लावा की अमुक वस्तू रोजच्या वापरासाठी वर्गात ठेवायच्या, वापरताना खराब झाल्यास समितीला माहिती देऊन दुरुस्ती करायची. त्याने वसुली थांबेलच अशी खात्री मी देत नाही, पण कागद हातात आला की सीनियर माणूस मोकळा होतो, हे माझ्या डोळ्यासमोर झालंय.

वीज हा पुढचा विषय, थोडक्यात सांगतो. शाळेला खर्चासाठी मिळणारं संयुक्त शाळा अनुदान पट (पोरांची संख्या) ३० पर्यंत असेल तर वर्षाला १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, आणि ते पण तुकड्या तुकड्यात आणि उशिरा येतं. त्यात खडू, रजिस्टर, रंगरंगोटी, नळाची तोटी, संडासाची दुरुस्ती आणि लाईट बिल. बिल थकलं की कनेक्शन कट. सरपंच चांगला असेल तर ग्रामपंचायतीकडून बिल भरून घेता येतं, त्याच्याशी गोडीने राहा. सोलर मिळालं तर उत्तमच, फक्त बॅटरीचं पाणी कोण बघणार हे आधीच ठरवा.

आता हे टीव्ही आले कुठून ते पण समजून घ्या कारण त्यातच पुढची गंमत आहे. २२ जून २०१५ चा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रचा जीआर निघाला, शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या शाळेचं डिजिटल शाळा म्हणून नाव राज्यभर झालं, लोक गाड्या करून बघायला जायचे. मग जिकडे तिकडे लोकवर्गणी. मोबाईलसमोर लावायच्या भिंगाच्या स्क्रीनपासून प्रोजेक्टरपर्यंत काहीही असलं की शाळा डिजिटल, आणि आमचा तालुका शंभर टक्के डिजिटल करायची चढाओढ. मी त्याला नावं ठेवत नाही, त्या दोन-तीन वर्षात गावं शाळेकडे परत बघायला लागली, शिक्षकांनी स्वतःच्या खिशातून पैसे घातले. पण मोजलं काय गेलं, तर वस्तू आली का. ती चालते का, कोणत्या तासाला चालते, हे कोणी मोजलं नाही. त्यात २७ फेब्रुवारी २०१७ चा बदल्यांचा जीआर आला आणि २०१८ ला ऑनलाईन बदल्या झाल्या, ज्याने हौसेने सगळं बसवलं, ज्याला कुठली वायर कुठे लागते माहीत होतं, पेनड्राईव्हमधे व्हिडिओ लावून ठेवलेले होते, तो माणूस गेला दुसऱ्या तालुक्यात. नवीन आलेल्याने पहिलं काम केलं ते वस्तू मोजून कपाटात ठेवायचं. बदली होऊ नये असं म्हणणं नाही माझं, अवघड क्षेत्रातल्या (दुर्गम गावांतल्या) लोकांनी आयुष्यभर तिथेच सडावं का, पण एका माणसाच्या जोरावर उभी केलेली गोष्ट त्याच्याबरोबर जाते.

याच्या उलट उदाहरण म्हणजे पुस्तकातला क्यूआर कोड, मोबाईलने स्कॅन केला की त्या पाठाचा व्हिडिओ वगैरे उघडतो. रणजितसिंह डिसले सरांनी माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत सुरू केलं, पुढे बालभारतीच्या पुस्तकांतच ते कोड आले, आणि सरांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राईज मिळाला. सगळे त्यांच्या बक्षिसाबद्दल बोलतात, मला त्यातली वेगळी गोष्ट भारी वाटते. पुस्तक प्रत्येक पोराकडे फुकट जातंच, कोड त्यावर छापलेला, म्हणजे डेडस्टॉकला काही चढत नाही, चोरीला जात नाही, बिल येत नाही. पसरलं ते म्हणूनच. आता वर्गात स्कॅन कोण करणार तर शिक्षकच, स्वतःच्या मोबाईलवर स्वतःच्या डेटाने, ती अडचण आहेच, म्हणून आदल्या दिवशी घरी वायफाय किंवा रेंज असेल तिथे डाऊनलोड करून ठेवायची सवय लावा. तांड्यावर रेंज कधी येईल याच्यावर पाठाचं नियोजन करता येत नाही.

मोठ्या शाळांची वेगळीच कथा. माध्यमिक शाळांत आयसीटी लॅब, म्हणजे कॉम्प्युटर लॅब, आल्या त्या बूट पद्धतीने, म्हणजे कंपनीने बसवायचं, पाच वर्ष चालवायचं, इन्स्ट्रक्टर पण कंपनीचा, मग शाळेच्या ताब्यात द्यायचं. पाच वर्ष संपली, इन्स्ट्रक्टर गेला, शाळेच्या ताब्यात जुनी मशीन्स आणि एक एसी नसलेली बंद खोली. शाळेच्या शिक्षकाला त्या पाच वर्षात हात लावायची वेळच आली नव्हती, कारण तो त्याचा तासच नव्हता.

आता वर्गातलं. दोन शिक्षकी शाळा म्हणजे पहिली ते चौथी, एका शिक्षकाकडे दोन वर्ग एकाच खोलीत. बाजारात मिळणारं किंवा ॲपवरचं बहुतेक मटेरियल एका वर्गाला एक शिक्षक धरून बनवलेलं असतं. पहिलीला व्हिडिओ लावला की दुसरीची पोरं पाठ्यपुस्तक सोडून तिकडेच बघतात, आणि का बघू नये. त्यात तांड्यावरची पोरं घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलतात, पहिलीत मराठीच नवीन, आणि व्हिडिओतल्या बाई शुद्ध पुणेरीत भराभरा बोलून मोकळ्या. मी व्हिडिओचा आवाज बंद करून चित्र दाखवायचो आणि आधी पोरांना त्यांच्या भाषेत सांगू द्यायचो, मग मराठीत मी. तसं केल्यावर तीच क्लिप तीन-चार दिवस पुरायची. समुद्र, आगगाडी, फुफ्फुस कसं हलतं, बी कसं उगवतं हे फास्ट करून दाखवलेलं, अशा गोष्टींना स्क्रीनला तोड नाही, ते मी फळ्यावर कधीच दाखवू शकलो नसतो. पण वजाबाकीला आणि वाचनाला मला काड्या, मण्यांच्या माळा आणि शेजारी बसून ऐकणंच लागलं. अजून एक, पोराच्या वाचनाचा आवाज रेकॉर्ड करून त्यालाच ऐकवायचा, पंधरा दिवसांनी परत करायचा. याला फक्त तुमचा मोबाईल लागतो आणि पालकसभेत ऐकवलं तर आई-बापाला तुमच्या भाषणापेक्षा जास्त कळतं.

कोणी म्हणेल हे सगळं इथल्या सरकारी शाळांचं रडगाणं. तसं नाही. पेरू देशाने खेड्यातल्या पोरांना लॅपटॉप वाटले, नंतर अभ्यास झाला तर गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालात पण हेच की शिक्षणातल्या टेक्नॉलॉजीचा फायदा झाल्याचे पक्के पुरावे कमी आहेत. म्हणजे सावकाश जाणारा मास्तर दरवेळी चुकतोच असं समजू नका. आपल्याकडे १९८४ पासून पुण्याला बालचित्रवाणी होती, टीव्हीवर शाळेचे कार्यक्रम यायचे, आमच्यातल्या अनेकांनी लहानपणी पाहिलेत, ती पण शेवटी बंद झाली. जुन्या शिक्षकाने असं येऊन गेलेलं बरंच बघितलेलं असतं, त्यामुळे नवीन आलं की तो आधी जरा थांबून बघतो, हे टिकतंय का.

कोरोनात मात्र थांबायची सोय नव्हती. मार्च २०२० नंतर लिंक, पीडीएफ, व्हिडिओ यांचा पूर, सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली हा अभ्यासाचा कार्यक्रम, आणि घरात एकच मोबाईल तो पण बाप कामावर घेऊन जाणार. शाळा उघडल्यावर ऑनलाईन तास दुसऱ्या दिवसापासून बंद झाले, पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप मात्र राहिला, कारण निरोप द्यायला चारचार घरं फिरायचं वाचत होतं. शिक्षक काय स्वीकारतो आणि काय सोडतो याचं एवढं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

आणि आता एआय. याचं ट्रेनिंग होण्याच्या कितीतरी आधी आमच्या केंद्रातले निवृत्तीला आलेले सर सुद्धा मोबाईलमधे बोलून अहवाल, इतिवृत्त, सराव प्रश्नपत्रिका काढायला लागलेत. कोणी जीआर काढला नाही, यादी मागितली नाही. रविवारचा वेळ वाचतो म्हटल्यावर माणूस आपोआप शिकतो. तुम्ही नवीन आहात, तुम्हाला हे जास्त येतं, तर शाळेत पहिल्या महिन्यात टीव्हीचं कुलूप काढायला जाऊ नका, आधी सीनियर सरांचा एखादा किचकट तक्ता पटकन करून द्या, पोषण आहाराचा हिशोब एक्सेलमधे बसवून द्या. किल्लीचा विषय मग ते स्वतःच काढतात. फक्त एआयने काढलेली प्रश्नपत्रिका झेरॉक्सला द्यायच्या आधी पूर्ण वाचा, चौथीच्या गणितात उत्तरं चुकलेली मी पाहिलीत, आणि भाषा तर अशी असते की पोरांनी प्रश्नाचा अर्थ विचारण्यातच अर्धा तास जातो.