विद्यार्थ्यांना कामाचा खरा अनुभव द्यायचा तर: उद्योग-व्यवसायांसाठी काही पक्क्या गोष्टी

विद्यार्थी घ्यायचे ठरले की बहुतेक ठिकाणी आधी आकडा ठरतो: पाच घ्यायचे की दहा. खरं तर आधी विचारायला हवं ते असं, की त्यांच्याकडे बघायला कोणाला वेळ आहे? एका इंटर्नसाठी मार्गदर्शकाचे पहिल्या आठवड्यात सहा ते आठ तास आणि पुढे दर आठवड्याला दोन ते तीन तास जातात, असं धरून चला. हे तास त्या माणसाच्या इतर कामांतून वजा करून द्यावे लागतात. ते न करता "जरा याच्याकडेही लक्ष दे" असं सांगितलं, तर तिसऱ्या दिवसापासून विद्यार्थी कोपऱ्यात मोबाइल बघत बसलेला दिसेल आणि दोष त्याच्यावर येईल. एका मार्गदर्शकाकडे एकच विद्यार्थी, फार तर दोन. सहा जण कसेबसे सांभाळण्यापेक्षा एकालाच नीट शिकवलेलं बरं.

वय आणि हाती असलेला वेळ पाहून प्रकार निवडा

शाळकरी मुलांसाठी अर्ध्या दिवसाची भेट पुरते. शाळा संपत आलेल्यांना एक-दोन दिवस एखाद्या कर्मचाऱ्यासोबत राहून काम पाहू द्यावं. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सहा ते आठ आठवड्यांची इंटर्नशिप द्यावी. चार आठवड्यांहून कमी ठेवली, तर काम हाताला बसू लागतं तोच निरोपाची वेळ येते. एवढा वेळ देणं शक्य नसेल तर सरावाच्या मुलाखती घ्या. वीस मिनिटं मुलाखत आणि दहा मिनिटं अभिप्राय, एवढ्यानेही विद्यार्थ्याला बरंच कळतं.

भेट बहुधा फसते ती सभागृहात. तासभर कंपनीचा इतिहास स्लाइडवर दाखवला जातो आणि मुलांना प्रत्यक्ष काम काचेपलीकडून दिसतं. स्लाइडना दहा मिनिटं द्या. मग पाच-सहा जणांचे गट करून ते तीन ठिकाणी फिरवा आणि प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं थांबा. गट याहून मोठा झाला की यंत्रांच्या आवाजात मागच्यांना काही ऐकू येत नाही. बोलायला साहेब नकोत, तिथे रोज काम करणारा माणूस हवा. त्याने तीन गोष्टी सांगाव्यात: आज सकाळपासून काय केलं, या कामात काय बिघडतं, आणि आपण या कामात कसे आलो. स्टोअर, हिशेब, देखभाल-दुरुस्ती, मालाची रवानगी हे विभाग आवर्जून दाखवा. अशी कामं असतात हेच मुलांना ठाऊक नसतं, मग ती निवडण्याचा विचार त्यांच्या मनात येणार कुठून? सगळ्यांदेखत हात वर करून प्रश्न विचारायला मुलं बिचकतात, म्हणून ते आधीच चिठ्ठ्यांवर लिहून घ्यावेत.

सोबत राहून काम पाहण्यासाठी बंद दाराआडच्या बैठकांचा दिवस टाळा. नुसतं शेजारी बसून कानावर पडते ती फक्त टंकलेखनाची खटखट. दुपारच्या जेवणाआधी आणि दिवस संपताना पंधरा-पंधरा मिनिटं बसून कर्मचाऱ्याने सांगावं, की अमुक ऑर्डर आधी का घेतली, तमुक ग्राहकाला नकार का दिला. निर्णयामागचा विचार असाच कळतो.

इंटर्नशिपचं यश कामाच्या निवडीत आहे

योग्य काम ओळखायच्या तीन खुणा आहेत. ते कोणाला तरी खरोखर हवं असावं, उशीर झाला तर धंदा अडू नये, आणि त्याचे आठवड्या-आठवड्याचे तुकडे पडावेत. गेल्या सहा महिन्यांच्या तक्रारी कारणांनुसार लावणं, यंत्राची वापरपुस्तिका नवख्या नजरेने वाचून अडणारी वाक्यं पुन्हा लिहिणं, साठ्याची मोजणी नोंदवहीशी ताडून फरकाची कारणं शोधणं, संकेतस्थळ वेगवेगळ्या मोबाइलवर तपासून चुकांची यादी करणं, ही अशी कामं. "बाजारपेठेचा अभ्यास कर" हे काम नव्हे. त्याला शेवट नाही आणि तो अहवाल कोणी वाचतही नाही. आठ आठवडे फक्त झेरॉक्स आणि डेटा एंट्री यातूनही काही हाती लागत नाही. मात्र ही कामं पूर्ण टाळायचंही कारण नाही, ती सगळ्यांनाच करावी लागतात. आठवड्यातले पाच-सहा तास त्यात गेले तर चालेल.

काम एका पानावर लिहून काढा: काय करायचं, कोणासाठी, कधीपर्यंत, चांगलं झालं हे कशावरून ठरेल आणि अडल्यास कोणाला विचारायचं. हे पान भरताना अडखळायला झालं, तर काम अजून ठरलेलं नाही असं समजा आणि विद्यार्थ्याला बोलावण्याची तारीख पुढे ढकला.

निवड आणि पैसे

जागांची माहिती फक्त कर्मचाऱ्यांच्या तोंडून पसरली की भाचे-पुतणेच येतात. शिक्षणसंस्थांना लेखी कळवा आणि अर्जासाठी किमान दोन आठवडे द्या. तारखा त्यांच्या परीक्षा पाहून ठरवा. अनुभवाची अट घालू नका, तो घ्यायलाच तर ते येत आहेत. त्याऐवजी विचारा: तुम्ही स्वतः बनवलेली, दुरुस्त केलेली किंवा सांभाळलेली एखादी गोष्ट सांगा. घरची जबाबदारी पेलणाऱ्या मुलीलाही याचं उत्तर देता येतं.

आठवडे-आठवडे चालणाऱ्या कामाला मोबदला द्यावाच. विनावेतन इंटर्नशिप ज्यांच्या घरची परिस्थिती चांगली आहे त्यांनाच परवडते, आणि बाकीचे अर्जच करत नाहीत. नेहमीच्या कर्मचाऱ्याचं काम विद्यार्थ्याकडून फुकट करून घेणं अनेक देशांत कायद्यातही बसत नाही. एक-दोन दिवसांच्या कार्यक्रमात निदान प्रवासखर्च आणि जेवण द्या. प्रवासाचे पैसे आगाऊ हातात ठेवा. महिन्याअखेरीस पावत्या घेऊन परत देण्याची पद्धत असेल, तर ज्याच्याकडे आज भाड्याला पैसे नाहीत तो येणारच कसा?

अठरा वर्षांखालील विद्यार्थी

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७३ च्या किमान वयाच्या करारात (क्रमांक १३८) धोक्याच्या कामासाठी सर्वसाधारण वयोमर्यादा १८ वर्षे आहे. प्रत्येक देशाचे नियम वेगळे असतात, ते आधी तपासा. चालू यंत्र, रसायनं, उंचीवरचं काम आणि रात्रपाळी यांपासून त्यांना दूर ठेवा. पालकांची लेखी संमती घ्या, आणि फोटोंसाठी ती वेगळी घ्या. बंद खोलीत एकट्या विद्यार्थ्यासोबत एकटा मोठा माणूस असू नये. निरोप खाजगी मोबाइलवर न पाठवता शिक्षणसंस्थेमार्फत पाठवावेत. अपघात विमा कोणाचा लागू होतो, हे लेखी ठरवून घ्या.

पहिला दिवस आणि पुढचे आठवडे

लॉगिनची मागणी किमान सात दिवस आधी करा. पासवर्डची वाट पाहण्यात पहिले तीन दिवस जाणं ही नेहमी आढळणारी चूक आहे. बसायची जागा, ओळखपत्र, मापाचे सुरक्षा बूट तयार ठेवा. मार्गदर्शक रजेवर गेला तर कोणाकडे जायचं, तेही आधीच ठरवा. ग्राहकांची नावं-पत्ते काढून टाकलेलाच डेटा द्या.

सकाळी आल्या आल्या पाण्याची जागा, स्वच्छतागृह, आपत्कालीन दरवाजा आणि जेवणाची वेळ सांगा. उठून जेवायला जावं की नाही हे न कळल्याने विद्यार्थी उपाशी बसून राहतात. दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत पुरं होईल असं एक छोटं काम द्या. एक नियम स्पष्ट सांगा: अर्धा तास प्रयत्न करूनही सुटलं नाही की विचारायचं. नाहीतर बावळट ठरू या भीतीने ते दोन दिवस एकाच जागी अडकून राहतात.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, अर्धा तास बसा. "छान चाललंय" यातून त्याला काही कळत नाही. "तक्त्यात कारणं नीट लावलीस, पण 'इतर'मध्ये चाळीस तक्रारी टाकल्यास, त्या पुन्हा उघडून बघ" असं बोललात तर पुढचा आठवडा सुधारतो. चूक त्याच दिवशी सांगा, आणि चारचौघांत नको.

शेवटच्या आठवड्यात, जे लोक ते काम वापरणार आहेत त्यांच्यापुढे त्याला पंधरा मिनिटं मांडणी करू द्या. प्रमाणपत्रावर "इंटर्नशिप पूर्ण केली" एवढंच लिहू नका. काय केलं, कोणती साधनं वापरली आणि त्याचा उपयोग कुठे झाला, हे लिहा. पुढच्या मुलाखतीत त्याला याच ओळी उपयोगी पडतात. काय खटकलं हे विद्यार्थी मार्गदर्शकाच्या तोंडावर सांगत नाही, म्हणून तो प्रश्न दोन आठवड्यांनी त्याच्या शिक्षकांमार्फत विचारा, आणि पुढच्या तुकडीसाठी कामाचं पान लिहायला बसाल तेव्हा ती उत्तरं समोर ठेवा.